रिपोर्टमधला लांबलचक शब्द कसा वाचावा?

अम्मींचा रिपोर्ट घरी येतो. सगळे जण त्यावर वाकतात, पहिल्याच लांब शब्दाला अडखळतात आणि रिपोर्ट घडी होऊन कपाटात जातो. खरे तर हे शब्द आगगाडीसारखे असतात. डबे वेगळे केले की अर्थ दिसू लागतो. बहुतेक डबे ग्रीक किंवा लॅटिन भाषेतले आहेत आणि तेच ते पुन्हा पुन्हा येतात.

सुरुवात शेवटच्या डब्यापासून करावी. शेवटी 'आयटिस' असेल तर दाह. गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराचा दाह, हिपॅटायटिस म्हणजे यकृताचा. शेवटी 'एक्टमी' असेल तर शस्त्रक्रियेने काढून टाकणे. 'कोलेसिस्टेक्टमी' या शब्दात कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी. म्हणजेच पित्ताची पिशवी काढण्याचे ऑपरेशन. बोलताना मात्र तुकडे वेगळ्या जागी पडतात: को-ले-सिस्-टेक्-ट-मी. जोर 'टेक्'वर द्यावा.

आता शब्दाचे तोंड पाहू, कारण खरा धोका तिथेच आहे. 'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे जास्त. 'ग्लायक' म्हणजे गोड आणि 'ईमिया' म्हणजे रक्तातली स्थिती. हाय-पो-ग्लाय-सी-मिया म्हणजे रक्तातली साखर उतरणे. हाय-पर-ग्लाय-सी-मिया म्हणजे ती चढणे. दोन्हींत जोर 'सी'वर येतो, म्हणून घाईत 'पो' आणि 'पर' सारखेच ऐकू येतात. उपाय मात्र अगदी उलट!

रमजानमध्ये मधुमेही माणसाच्या घरी हा फरक माहीत असायलाच हवा. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे. फार तहान आणि वारंवार लघवी ही चढल्याची. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा सोडावा असे डॉक्टर सांगतात. उतरली असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. आजाऱ्याला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत कुरआन शरीफमध्येच (सूरह बकरा, आयत १८५) आहे. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे.

डॉक्टरांना फोन करताना 'पो' की 'पर' हे सावकाश सांगा. जीभ अडखळली तर नाव सोडा, मशीनवरचा आकडा सांगा.