अंधारांतील अग्निहोत्र

टोकावड्याहून माळशेज घाट चढून गेलें, म्हणजे जुन्नर तालुका लागतो. तेथें खोडदच्या परिसरांत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. एका मोठ्या कोड्याच्या उकलींत तिचा वांटा आहे.

आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडों दीर्घिकांचे समूह असतात व त्यांत कोट्यवधि अंश तापलेला विरळ वायु भरलेला असतो. क्ष-किरणांवाटे उष्णता गमावून तो मध्यभागीं निवावा व त्याचे असंख्य तारे बनावेत. पण तसें फारसें होत नाहीं. असें कां? मधल्या दीर्घिकेच्या गर्भांतील महाकाय कृष्णविवराकडे निवलेला वायु ओढला जातो, तेव्हां तेथून विद्युत्कणांचे प्रचंड झोत सुटतात. ते भोंवतालच्या वायूंत पोकळ्या पाडतात आणि त्याला पुन्हां तापवितात. आहुति पडते, अग्नि पेटतो.

भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेस, ३९ कोटि प्रकाशवर्षें दूर, अशा पोकळीची कडा २०१६ सालीं क्ष-किरणचित्रांत दिसली होती. परंतु एवढा मोठा उद्रेक तेव्हां संशोधकांना संभवनीय वाटला नाहीं. तींत आपल्या १५ आकाशगंगा ओळीनें मावतील! २०२० सालीं पोकळींतून येणाऱ्या रेडिओलहरींनीं शंका फिटली. हा पुरावा देणाऱ्या दुर्बिणींत खोडदची एक होती.

तेथील झोत आतां थांबलेले दिसतात. कारण थंड वायूचा गाभा विवरापासून बाजूस सरला आहे. ज्यांतून प्रकाशहि सुटत नाहीं, त्याच्या भोंवतींचा अग्निहि समिधांवांचून शांत होतो.