डोक्यावरचे भंगार

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा शनिवार. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास उत्तर महाराष्ट्रापासून विदर्भापर्यंत आणि शेजारच्या मध्य प्रदेशातही लोकांनी आकाशातून जळते गोळे ओळीने जाताना पाहिले. कुणी म्हणाले उल्का, कुणी म्हणाले विमान पेटले, कुणाला क्षेपणास्त्राची शंका आली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावातल्या मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले आणि वाद मिटला. उल्केला कडे नसते. पाठोपाठ त्याच तालुक्यात पवनपारजवळ एक गोल टाकीही सापडली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या एका चिनी रॉकेटचा, ‘चँग झेंग ३बी’चा, तो रिकामा झालेला तिसरा टप्पा असावा, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. म्हणजे काम संपल्यावर वर्षभराहून जास्त काळ तो पृथ्वीभोवती फिरत होता. अशा वस्तूचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्यावरून निघालेल्या तुकड्याला सिंदेवाहीवर जायला त्या वेगाने सव्वा मिनिट पुरते. आपल्याला गाडीने दिवस मोडावा लागतो. असा टप्पा नेमका कुठे पडेल हे आधी का सांगता येत नाही, तेही यातच आले. अंदाज एका मिनिटाने चुकला, तर जागा साडेचारशे किलोमीटरने चुकते.

उल्का आणि भंगार यांतला फरक साध्या डोळ्यांनीही कळतो. उल्का बहुतेक वेळा सेकंद-दोन सेकंदांत विझते. भंगार तिच्या मानाने सावकाश जाते, अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त वेळ दिसते, आणि जाता जाता त्याचे तुकडे होऊन मागे रांग लागते. बहुतेक भाग वरच जळतो. खाली पोहोचतात त्या मुख्यतः दाबाखाली वायू भरायच्या टाक्या. त्या कार्बनच्या धाग्याने गुंडाळलेल्या किंवा टायटॅनियमच्या असतात आणि सहजी वितळत नाहीत.

पण पडणारे भंगार क्वचित दिसते. रोज दिसते ती वरची गर्दी. सटाण्याच्या बागलाण तालुक्यात शेतीची लाइट रात्रपाळीला असली की कांद्याला पाणी भरायला शेतकरी वाफ्यावर असतो. आकाशाकडे रात्र-रात्र पाहण्याची वेळ खगोलशास्त्रज्ञांखालोखाल त्याच्यावरच येते. म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर ही सप्तर्षींची गोष्ट ज्यांनी अशा रात्रींत ऐकली, त्यांना आता त्याच आकाशात दिव्यांची आगगाडी दिसते. ते इंटरनेट पुरवणाऱ्या ‘स्टारलिंक’ कंपनीचे उपग्रह. नुकतेच सोडलेले असले की ते काही दिवस एका ओळीत चालतात, मग पांगत पांगत साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास चढतात.

ही गाडी मध्यरात्री दिसत नाही. उपग्रहाला स्वतःचा दिवा नाही. त्याच्यावर पडलेले ऊन आपल्याला दिसते. सूर्य मावळून आपल्याकडे अंधार झाला, तरी साडेपाचशे किलोमीटर वर अजून ऊन असते. सटाण्याच्या अक्षांशावर सूर्य सरळ खाली उतरतो, त्यामुळे साधारण दीड तासात डोक्यावरचे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातात आणि चालता चालता गडप होतात. पहाटे हाच खेळ उलटा. युरोपात जूनमध्ये सूर्य क्षितिजाच्या फार खाली जातच नाही, म्हणून तिथे ते रात्रभर दिसतात. त्या बाबतीत आपण नशीबवान.

स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह मे २०१९ मध्ये गेले. २०२५ मध्ये वर असलेल्यांची संख्या आठ हजारांच्या पुढे गेली. शिवाय एक सेंटिमीटरहून मोठे कचऱ्याचे तुकडे दहा लाखांहून जास्त आहेत, असा युरोपीय अंतराळ संस्थेचा अंदाज आहे. त्या वेगात एवढासा तुकडाही उपग्रह निकामी करतो. १० फेब्रुवारी २००९ रोजी चालू ‘इरिडियम’ उपग्रह आणि मेलेला रशियन ‘कॉसमॉस’ सायबेरियावर एकमेकांवर आदळले आणि हजारो तुकडे झाले. टकरीतून तुकडे, तुकड्यांतून नव्या टकरी, हे चक्र डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच मांडून ठेवले होते. साडेपाचशे किलोमीटरवर निदान विरळ हवेचे घर्षण काही वर्षांत घाण खाली ओढते. आठशेच्या वरची घाण आपल्या नातवंडांनाही पुरेल.

चीनकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण आपलाही वाटा आहे. डिसेंबर २००१ मध्ये आपल्या पीएसएलव्ही रॉकेटचा कक्षेत राहिलेला टप्पा फुटून तीनशेहून जास्त तुकडे झाले. मार्च २०१९ मध्ये ‘मिशन शक्ती’त आपण आपलाच उपग्रह पाडला, तो मुद्दाम कमी उंचीवर होता, म्हणून बहुतेक तुकडे लवकर खाली आले. आणि जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रीन हेड किनाऱ्यावर वाहून आलेले भलेमोठे पिंप पीएसएलव्हीचे निघाले. त्यांची लाडबोरी ती. इस्रोने सुधारणाही केली आहे: मार्च २०२३ मध्ये ‘मेघा-ट्रॉपिक्स-१’ हा जुना उपग्रह ठरवून प्रशांत महासागरावर उतरवला, आणि २०३० पर्यंत कचरा न सोडणाऱ्या मोहिमांचे उद्दिष्ट जाहीर केले आहे.

उपग्रह नकोतच, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. त्यात दुर्गम भागांसाठी गडचिरोलीबरोबर आपल्या शेजारच्या नंदुरबारचेही नाव आहे. सातपुड्यातल्या आश्रमशाळेत इंटरनेट पोहोचणार असेल, तर नाक मुरडण्याचा हक्क शहरात बसलेल्याला नाही. मात्र याच उपग्रहांतून नकळत पाझरणाऱ्या रेडिओ लहरी २०२३ मध्ये युरोपातल्या ‘लोफार’ दुर्बिणीने टिपल्या. नारायणगावजवळच्या खोडदची आपली महाकाय दुर्बीण, ‘जीएमआरटी’, त्याच पट्ट्यातल्या रेडिओ लहरी ऐकते. या पाझरणाऱ्या लहरी दुर्बिणीच्या आड येऊ नयेत, अशी अट सरकारने कंपनीला वेळीच घालायला हवी. नंतर घातलेल्या अटी कुणी पाळत नाही.

आता समजा, असा तुकडा उद्या बागलाणात कुणाच्या डाळिंबाच्या बागेत पडला. गारपिटीचा पंचनामा करणाऱ्या तलाठ्याला नुकसानीच्या कारणाचा रकाना भरताना घाम फुटेल. पण कायदा आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीला रॉकेट सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार असतो, त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. दावा मात्र भारत सरकारमार्फत आणि साधारण वर्षाच्या आत करावा लागतो. १९७८ मध्ये कॅनडावर पडलेल्या अणुभट्टीवाल्या सोव्हिएत उपग्रहासाठी कॅनडाने पैसे वसूल केले होते.

तेव्हा असे काही पडलेले दिसलेच, तर हात लावू नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. टाकीत हायड्राझिनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते. लांबून फोटो काढा, वेळ आणि आलेली दिशा लिहून ठेवा, पोरांना दूर ठेवा आणि पोलिसांना व तहसील कार्यालयाला कळवा.