क्रोशाच्या सुईवरील पहिला स्वेटर

काशीच्या दशाश्वमेध घाटावर पौष-माघातील पहाट धुक्यात उजाडते. अठराव्या शतकात नानासाहेब पेशवे व पुढे अहिल्याबाई होळकर यांनी बांधविलेल्या या घाटाच्या पायऱ्या पूर्वाभिमुख आहेत. तरी जानेवारीत सूर्य कित्येकदा उशिरापर्यंत दिसत नाही. पारा 8 ते 10 अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, थंडीच्या लाटेत त्याहूनही खाली जातो, आणि नदीवरून येणारा वारा बोचरा असतो. अशा वेळी वल्हे मारणाऱ्या नावाड्याला शालीचा उपयोग नाही, कारण त्याचे दोन्ही हात मोकळे हवेत. त्याला हवा तो स्वेटर. असा स्वेटर नवशिक्या माणसाला क्रोशाच्या एका सुईवर विणता येतो. मात्र पहिला टाका घालण्यापूर्वी थोडे गणित करावे लागते.

क्रोशे हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘लहान आकडा’ असा आहे. मराठी घरांत या आकड्याने तोरणे, रुमाल व जाळीचे पडदे पुष्कळ विणले गेले. स्वेटर मात्र बहुधा दोन सुयांवरच झाले. दोन सुयांच्या विणकामात संपूर्ण ओळीचे टाके सुईवर उघडे असतात. एखादा निसटला की तो खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात एका वेळी एकच फेरा सुईवर असतो. तो सुटला तर पुन्हा उचलता येतो, आणि चूक दिसली तर धागा ओढून मागे जाता येते. शिकाऊ माणसाला यापेक्षा मोठी सवलत कोणती? उणीव एवढीच, की क्रोशाला लोकर अधिक लागते. ढोबळ मानाने एकतृतीयांश जादा धरावी.

या विणीचे मूळ साखळी होय. साखळीवर मुका खांब घातला तर वीण घट्ट पण ताठर होते; पूर्ण खांब घातला तर ती लवकर वाढते, परंतु तिच्यातील फटींतून वारा शिरतो. लोकरीची ऊब तंतूंमध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे असते. वाऱ्याने ती हवा हलली की ऊब गेली. म्हणून नदीकाठच्या स्वेटरला अर्धा खांब योग्य. सुईवर लोकरीचा वेढा घ्यावा, सुई टाक्यात घालून लोकर ओढून आणावी, आणि सुईवर तीन फेरे झाले की पुन्हा लोकर घेऊन ती तिन्ही फेऱ्यांतून एकदम काढावी. इतकी एक कृती साधली की स्वेटरचा बहुतेक भाग साधला.

आता गणित. मध्यम जाडीची लोकर व 4 मिलिमीटरची सुई घेऊन 15 सेंटिमीटरचा चौकोन विणावा, धुवावा, वाळवावा आणि त्याच्या मध्यभागी 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके व किती ओळी बसतात ते मोजावे. समजा, 16 टाके व 12 ओळी भरल्या. छातीचा घेर 90 सेंटिमीटर असेल तर हालचालीसाठी 10 सेंटिमीटर वाढवून 100 धरावा. पाठ व पुढचा भाग प्रत्येकी 50 सेंटिमीटर, म्हणजे 80 टाके. 60 सेंटिमीटर लांबीसाठी 72 ओळी. हा नमुना विणण्याचा कंटाळा पुष्कळांना येतो. परंतु ज्याचा हात घट्ट आहे व 10 सेंटिमीटरमध्ये 18 टाके बसतात, त्याचे 80 टाके जेमतेम 44 सेंटिमीटर भरतात. पूर्ण घेर 89 सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि स्वेटर छातीवर चढत नाही. दोन टाक्यांच्या फरकाने कित्येक आठवड्यांचे श्रम वाया जातात. अशा वेळी जाड सुई घेऊन पुन्हा नमुना विणावा.

पाठीसाठी 81 साखळ्या घालाव्यात. सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब घातला की सोडलेल्या दोन साखळ्यांचा एक टाका धरून 80 टाके होतात. पुढील प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन साखळ्या घालाव्यात; त्याही एक टाका म्हणून मोजाव्यात. मागील ओळीतील या साखळ्यांच्या माथ्यावर शेवटचा खांब घालण्यास नवशिके हमखास विसरतात, आणि चौकोनाचा हळूहळू शंकू होतो. ओळ संपताच टाके मोजणे हाच यावर उपाय.

पुढचा भाग 65 ओळींपर्यंत तसाच विणावा. नंतर दोन्ही खांद्यांचे 21-21 टाके वेगवेगळे 7 ओळी विणावेत. मधले 38 टाके गळ्यासाठी सुटतात. खांदे शिवण्यापूर्वी गळ्यातून डोके जाते की नाही ते पाहून घ्यावे. बाही 64 टाक्यांनी सुरू करून दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका कमी करावा. अशी घट बारा वेळा केली की 40 टाके उरतात. पुढे 6 ओळी सरळ विणल्या की 54 ओळींची बाही पुरी होते. ती मनगटाच्या किंचित वरच राहील. नावाड्याला तेच सोयीचे, कारण त्याची बाही पाण्यात भिजत नाही.

लोकरीची निवडही विचारपूर्वक व्हावी. ॲक्रिलिकचा धागा स्वस्त व धुण्यास सोपा असतो. परंतु तो आगीत वितळतो आणि पेटतो. घाटावर रोज संध्याकाळी आरतीच्या मोठ्या दीपांच्या ज्वाळा असतात, हिवाळ्यात शेकोट्याही पेटतात. खरी लोकर सहजी पेट घेत नाही, आणि धुक्यातील बाष्प बरेच शोषूनही अंगाला ओली लागत नाही. सगळ्या लडी एकाच वेळी व एकाच रंगघाणीतील घ्याव्यात. नंतर आणलेली लडी उन्हात वेगळी दिसते.

खांदे शिवून झाल्यावर बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवावा, दोन्ही बाजूंना 20-20 सेंटिमीटर जोडावे आणि मग बगलेखालची व कुशीची शिवण एका ओघात घालावी. धुतलेला स्वेटर दोरीवर टांगू नये. ओल्या लोकरीच्या भाराने तो लांबतो. पंचावर सपाट पसरून सावलीत वाळवावा, आणि ओला असतानाच त्याची रुंदी पट्टीने पुन्हा 50 सेंटिमीटर करून घ्यावी.