कराचीचा पाहुणा आणि माणगांवची वाट

माणगांव, म्हसळें, श्रीवर्धन या भागांतील कित्येक कोकणी मुसलमान घराण्यांचे आप्त कराचीस आहेत. फाळणीपूर्वीं मुंबईहून आगबोटीनें कराचीस जाणें म्हणजे परगांवीं जाणें, एवढेंच होतें. 1948 मध्यें परवाना आला, 1952 मध्यें पारपत्र व व्हिसा आला, आणि परगांवाचा परदेश झाला.

पुढें विमानें आलीं. विमानतळ सर्वांना एकच. तेथून बाहेर पडण्याच्या सवलती मात्र देशागणिक निराळ्या. नेपाळी प्रवाशास व्हिसाच लागत नाहीं. 2014 च्या नोव्हेंबरांत 43 देशांच्या प्रवाशांना घरबसल्या संगणकावरून व्हिसा मागतां येऊं लागला. त्या यादींत पाकिस्तान नव्हता. कराचीच्या पाहुण्यास व्हिसा मिळे तो देशाचा नव्हे, तर नांवनिशीवार गांवांचा. त्यांत मुंबई असून माणगांव नसेल, तर मुंबईस उतरलेल्या म्हातारीला सुमारें दीडशें किलोमीटरांवरील बहिणीचें घर पाहतां येत नसे. शिवाय पोलिसांकडे वर्दी द्यावी लागे ती निराळीच.

2012 च्या करारानें गांवांची संख्या तीनावरून पांचावर नेली. पासष्टी उलटलेल्यांना अटारीच्या वेशीवरच व्हिसा द्यावा, असेंहि ठरलें. 15 जानेवारी 2013 रोजीं ही सोय सुरू व्हावयाची, त्याच दिवशीं ती थांबविण्यांत आली. त्यापूर्वीं थोडेच दिवस नियंत्रणरेषेवर भारतीय जवान मारले गेले होते. सुरक्षिततेची चिंता खोटी नव्हे. पण तिचा भार बहुधा म्हाताऱ्या माणसांवर पडला.

2025 च्या एप्रिलांत पहलगामच्या हल्ल्यानंतर बहुतेक व्हिसे रद्द झाले, आकाशमार्गहि मिटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानें उडूं लागलीं. हा विमानतळ रायगड जिल्ह्यांतच, माणगांवला मुंबईहून जवळ आहे.