पूर कशाचा? : तान्ह्या बाळाच्या हलणाऱ्या डोळ्यांचं निदान

कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला न्यायशास्त्रात ‘शेषवत्’ म्हणतात. नदीला पूर आलेला दिसला, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला असणार. पण न्यायसूत्रांतच यावर आक्षेप आहे, की खाली बांध घातला तरी पाणी फुगतं. मग पावसाचं अनुमान टिकणार कसं? उत्तर असं, की नुसतं ‘पाणी वाढलं’ एवढंच बघू नका. प्रवाहाचा वेग बघा, फेस बघा, वाहून आलेली पानं-लाकडं बघा.

आज हाच नियम आपण एका तान्ह्या बाळाला लावून बघू. दोन-तीन महिन्यांच्या बाळाचे डोळे आपोआप इकडून तिकडे हलत राहतात. डॉक्टर याला निस्टॅग्मस म्हणतात. घरात बहुतेक वेळा कुणीतरी म्हणतंच, ‘लहान आहे, नजर ठरली की थांबेल.’ हे झालं घाईचं अनुमान. निस्टॅग्मस हा स्वतः रोग नव्हे. तो पूर आहे. पाऊस कुठला, ते शोधायचंय.

दोन्ही डोळे सारखेच आणि आडवे हलत असतील, सुरुवात पहिल्या सहा महिन्यांत झाली असेल, तर बहुधा तो इन्फंटाइल निस्टॅग्मस. पण नाव मिळालं म्हणजे कारण मिळालं असं नाही! पुष्कळदा मूळ दृष्टीतच असतं: जन्मजात मोतीबिंदू, अल्बिनिझम, डोळ्यामागची नस नीट न वाढणं, किंवा रेटिनाचा आनुवंशिक आजार. यातली रेटिना कधीकधी वरून अगदी ठीक दिसते. तिचं काम बिघडलंय हे ईआरजी तपासणीत कळतं. असं सगळं बघूनही काही सापडलं नाही, तरच ‘इडिओपॅथिक’, म्हणजे अज्ञात कारणाचा, हा शब्द वापरायचा. तोही कायमचा नाही. अशाच काही कुटुंबांत एक्स गुणसूत्रावरचं एफआरएमडी-७ हे जनुक कारणीभूत असल्याचं २००६ साली कळलं.

आता दुसरं चित्र घ्या. हालचाल बारीक, वेगवान, एका डोळ्यात जास्त. बाळ मान डोलावतं, मान तिरकी धरतं. हा स्पाझ्मस न्यूटन्स असू शकतो, आणि तो काही वर्षांत आपोआप ओसरतो. पण दृष्टीच्या नसेवरची गाठसुद्धा हुबेहूब असंच चित्र उभं करते. म्हणून एमआरआय. आणि डोळे सगळ्या दिशांना वेडेवाकडे उसळत असतील, तर त्याला ऑप्सोक्लोनस म्हणतात. तिथे पोटात-छातीत न्यूरोब्लास्टोमाची गाठ शोधावी लागते. म्हणजे बघा, खूण डोळ्यात आणि कारण पोटात!

‘थांबून बघू’ हे वरवर तटस्थ वाटतं, पण तसं ते नसतं. दाट जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांत काढावा लागतो, कारण मेंदू बघायला शिकतो तो याच काळात. उशीर झाला, तर मोतीबिंदू निघतो पण पुरती नजर येत नाही.

म्हणून आईवडिलांनी तीन गोष्टी कराव्यात. मोबाईलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढून ठेवावा, हे कधीपासून दिसतंय ते लिहून ठेवावं, आणि त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. कारण ठरवण्याचं काम डॉक्टरांचं. पण पानं-लाकडं पहिल्यांदा दिसतात ती घरच्यांनाच.