माकडाचा चेहरा कुणासाठी?

गारखेड्यात शेजारच्या गॅलरीत हिरव्या जाळीखाली एक ऑर्किड फुललं आहे. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ते जगावं म्हणून दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारणाऱ्या आजींना मी त्याचं नाव सांगितलं : फॅलेनॉप्सिस, म्हणजे पाकोळीसारखं दिसणारं. ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली ते दिलं. आजींनी फूल न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पाकोळी कसली? आत चिमणी बसलीय बघा."

त्यांचंही खरंच. ऑर्किडला आपण आमरी म्हणतो; आमरीच्या फुलाची घडणच अशी. तीन निदलं, तीन पाकळ्या. त्यांतली एक पाकळी वेगळीच वाढते, तिला ओठ म्हणतात. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव होऊन मधोमध एक स्तंभ बनतो. डावी-उजवी बाजू सारखी, मध्ये नाक, खाली ओठ. चेहरा शोधणाऱ्या आपल्या नजरेला एवढं पुरतं. बहुतेक आमरींची कळी उमलताना अर्धा वळसा घेते, त्यामुळे वरचा ओठ खाली येतो आणि कीटकाला उतरायला ओटा मिळतो.

आपल्या सह्याद्रीत प्राण्यासारखं दिसण्याची कमाल केली आहे ती कोटोनिया पेडनक्युलॅरिसने. दक्षिण कोकणापासून केरळापर्यंत आणि पुढे श्रीलंकेत ही आमरी झाडांवर वाढते. उन्हाळ्यात तिचा लांबलचक, बारीक दांडा बाहेर येतो आणि टोकाला मोजकी फुलं लागतात. ओठ गडद जांभळट, मखमली, पिवळ्या काठाचा. वाऱ्याने दांडा हलला की मधमाशीच घिरट्या घालतेय असं वाटतं. कोटोनिया या वंशात ही एकच जात आहे.

भूमध्य समुद्राकाठच्या ऑफ्रिस या आमरी अशाच दिसतात. अल्जीरियात पुयान नावाच्या न्यायाधीशांनी वर्षानुवर्षं निरीक्षण केलं, १९१६ साली ते प्रसिद्ध झालं : नर गांधीलमाशी फुलाला मादी समजून त्याच्याशी मीलनाचा प्रयत्न करते आणि अंगाला चिकटलेले परागपुंज पुढच्या फुलावर नेते. नराला ओढून आणतो तो मुख्यतः वास. फूल मादीच्या गंधाची हुबेहूब नक्कल करतं. म्हणूनच नुसतं रूप पाहून आपल्या कोटोनियावरही फसवणुकीचा शिक्का मारणं मला घाईचं वाटतं.

इक्वेडोरच्या धुकट जंगलातल्या ड्रॅक्युला सिमियाने तर मला विचारातच पाडलं. फुलात माकडाचं तोंड, डोळ्यांसकट. पण तिथे माकड होऊन भुलवायचं कुणाला? याच वंशातल्या ड्रॅक्युला लाफ्लेरीवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी त्रिमितीय छपाईच्या मदतीने सिलिकॉनची फुलं बनवली, खऱ्या-खोट्या भागांची अदलाबदल करून पाहिली. अळिंबीसारख्या दिसणाऱ्या ओठाचा अळिंबीसारखाच वास चिलटांना बोलावत होता. आपण माकड पाहतो तिथे चिलट अळिंबी हुंगतं.

मराठवाड्यात आमरी थोड्या. तरी जुन्या आंब्या-बाभळीवर रास्ना, म्हणजे वांडा टेसेलाटा, तग धरते. वांडा हे नाव संस्कृतातल्या 'वंदा'वरून, झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींसाठीच्या शब्दावरून आलं. लोक तिला बांडगूळ समजून ओरबाडतात, पण ती झाडाचा रस शोषत नाही; मुळांनी सालीला फक्त धरून राहते. उन्हाळ्यात तिला तपकिरी चौकटींची सुगंधी फुलं येतात, ओठ निळा-जांभळा. मला त्यात कुठलाच प्राणी दिसलेला नाही. आजींना एकदा दाखवायला हवं.