घाटातला पाऊस आणि माहेरची वाट

भाच्याचं बारसं ठरलं तेव्हा आषाढाची झड लागली होती. माझं माहेर कोल्हापूरचं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा! दुपटी, झबली आणि फणसपोळी पिशवीत भरून आम्ही रत्नागिरीहून निघालो. साखरप्याला चहासाठी थांबलो, तर टपरीवाले काका म्हणाले, "ताई, आंबा घाटात वरनं बारीक बारीक दगड येतायत. आज नका जाऊ."

"अगं, गाड्या चालल्यात की," हे म्हणाले. माझ्या मनात आलं, आईला काय वाटेल? वहिनी काय म्हणेल? पण मागच्या सीटवर मुलं झोपली होती. आम्ही परत फिरलो.

त्या दिवशी घाटात काहीच झालं नाही. "उगीच घाबरलात!" हे पुढे वर्षभर ऐकावं लागलं. म्हणूनच मैत्रिणींनो, हे लिहिते आहे.

आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकावर कुजलेल्या खडकाचा आणि तांबड्या मातीचा थर असतो. चार दिवस एकसारखा पाऊस लागला, की हा थर पाणी पिऊन जड होतो आणि त्याची खालची पकड सुटते. त्यातून रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापलेला, म्हणजे आधारही गेलेला. हिमालयात हिवाळ्यात बर्फाचे थर कोसळतात, तेही अशीच पकड सुटून.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली. कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची खास गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये खेड तालुक्यात पोसरे इथे १७ जण, तर महाडजवळच्या तळीये गावात ऐंशीहून अधिक माणसं दरडीखाली गेली. त्याच पावसात आंबा घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला.

कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते, गाड्या सावकाश सोडते, रुळांवर गस्त ठेवते. रेल्वेला उशीर चालतो, मग आपल्यालाच का चालू नये?

घाटातून जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा:

• निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा पाहा. 'रेड अलर्ट' असेल तर बेत सरळ पुढे ढकला.

• घाट दिवसाउजेडी ओलांडा. रात्री वरून काय येतंय ते दिसत नाही.

• धबधबा कितीही सुंदर दिसो, कापलेल्या कड्याखाली गाडी उभी करू नका.

• रस्त्यावर ताजे खडे, नवी भेग, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला ओढा, यातलं काहीही दिसलं तर मागे फिरा.

• दरड पडलेली असेल तर ढिगाऱ्यावरून जाऊ नका. एकीमागून दुसरी येते. मागे मोकळ्या जागी या आणि ११२ किंवा जिल्ह्याच्या १०७७ क्रमांकावर कळवा.

• पाऊस उघडला म्हणजे धोका टळला असं नाही. भिजलेला डोंगर नंतरही सुटतो.

• पिशवीत पाणी, दशम्या, रोजची औषधं, बॅटरी आणि एक पांघरूण असू द्या. घाट बंद झाला तर तासन्‌तास अडकावं लागतं.

आणि एक गोष्ट आपल्याच हातातली आहे. पावसाळ्यात मंगळागौर, बारसं, डोहाळजेवण असलं, की बोलावतानाच म्हणावं, "पाऊस फार असला तर येऊ नका हं, आम्ही रागावणार नाही." येणाऱ्या बाईच्या मनावरचं केवढं ओझं उतरतं! बहुतेक वेळा आपण घाटात जातो ते गरजेपोटी नाही, भिडेपोटी.

बारशाचं काय झालं विचाराल? वहिनीने बाळाच्या कानाशी मोबाईल धरला आणि मी रत्नागिरीहून नाव सांगितलं. दसऱ्याला ऊन पडल्यावर गेलो. फणसपोळी तेवढी आम्हीच संपवली होती!